गोल करवत

आमच्या घरात डोकेदुखीला मान होता. ताप, खोकला, पोटदुखी यांना कोणी विचारत नसे. ताप आला तर पेज प्या आणि पडून राहा, पोट दुखलं तर ओवा चावा आणि कामाला लागा. पण आत्याचं डोकं उठलं की सगळ्या घराची चाल बदलायची. आई पाट्यावरचा मसाला अर्धवट ठेवायची. बाबा सायकल फाटकापासून उचलून आणायचे, कारण तिच्या मडगार्डाचा खडखडाट आत्याला सोसायचा नाही. आणि विहिरीवरचं इंजिन बंद व्हायचं. हे इंजिन सकाळपासून टुकटुक करत केळींना आणि पानवेलींना पाणी पाजायचं, त्यामुळे ते थांबलं की आळीभर कळायचं. शेजारच्या वाडीतून लगेच हाक यायची, "काय गो, आज करवत चढली वाटतं?" आत्या अंधाऱ्या खोलीतून डोळे मिटूनच "हां" म्हणायची. शिरगावात त्या काळी फार कमी लोकांची डोकेदुखी इतक्या लांबवर पोचत असेल.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि ती आमच्याकडेच असायची, खरं तर आम्हीच तिच्याकडे असायचो. वाडी तिच्या ताब्यात, किल्ल्या तिच्या कमरेला, आणि बाबा चाळिशीचे होऊनही तिच्या तोंडी "दाम्या". करवत हा शब्दही तिचाच. डोकं उठायच्या आधी तिला डोळ्यांसमोर एक चमचमणारी दातेरी रेघ दिसायला लागायची. आधी बारीक, मग हळूहळू मोठी होत, वाकत वाकत कडेपर्यंत जायची. ती नाहीशी होईपर्यंत आत्याचे सूपभर तांदूळ निवडून व्हायचे, आणि मग उजव्या कपाळात ठणका सुरू. आजोबांच्या काळात ओंडके कापायला दोन माणसं लागायची, एक वर, एक खाली, आणि मध्ये पुरुषभर लांबीची करवत. आत्यानं ती लहानपणी पाहिलेली. "तश्शी दिसते, दात्यांसकट," ती सांगायची. बाकी गाव अर्धशिशी म्हणायचं. आमच्याकडे करवत यायची, चढायची आणि उतरायची.

मी पाचवीत असताना मलाही ती आली. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते, डावीकडे काहीतरी दिसलं आणि गेलं, मग डोकं ठणकायला लागलं आणि भडाभडा उलटी झाली. आत्या धावत आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "आधी काय दिसलं का गो डोळ्यांसमोर?" मी मान हलवली. "करवत?" मी म्हटलं, "हो, करवतच." आत्याच्या तोंडावर काळजी होती, पण त्या काळजीच्या मागे आनंद होता, मी शपथेवर सांगते. इतकी वर्षं एकटीनं सोसल्यावर घरात तिला सोबत मिळाली होती. तिनं आईला हाक मारली, "वहिनी, आपल्या नलूला करवत आली!" आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "वन्सं, ही काय ओटी भरायची गोष्ट हाय का?" पण सुंठ उगाळायला तीच बसली. माझ्या कपाळाला लेप लागला, मला आत्याच्या खोलीत तिच्याशेजारी झोपवलं आणि इंजिन बंद झालं. माझ्यासाठी इंजिन बंद झालं, या गोष्टीचा मला डोकं दुखत असतानाही मोठेपणा वाटला.

शिवाय जिलबी होती. अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आधी गरम दुधातून जिलबी खायची, असा आमच्याकडचा इलाज. बाबा पालघरला लाकडाच्या वखारीत कामाला होते. माझं डोकं उठलं की संध्याकाळी त्यांच्या सायकलच्या हँडलला कागदाचा पुडा लटकत यायचा. पहाटे आत्या मला उठवायची, अंगावर गोधडी तशीच, आणि आम्ही दोघी चुलीपुढे बसून भिजलेली, मऊ, कोमट जिलबी खायचो. आई ताटलीकडे बघून म्हणायची, "माझं डोकं नाय दुखत कधी, नशीबच खोटं." आता माझ्या नातीचं डोकं दुखलं तर डॉक्टर आधी मोबाइल काढून घ्या म्हणतात, पाणी जास्त प्या म्हणतात, झोपेची वेळ पाळा म्हणतात. सगळं बरोबरच असेल. पण पोरांच्या हातून काढून घेण्याआधी त्यांना काहीतरी द्यावं, हे आत्याच्या काळच्या वैद्यकीत होतं, एवढं मी तिला सांगत असते.

नेहमीच्या डॉक्टरांकडेही नेलं होतं मला. आत्या बरोबर आली आणि तिनंच सगळं सांगितलं: करवत दिसते, मग ठणका, मग उलटी, माझ्यासारखंच. डॉक्टर मान हलवत लिहीत होते. "घराण्यात आहे, करवत दिसते, मग दुसरं काय असणार?" असं म्हणून त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. मला त्यांनी फक्त जीभ दाखवायला सांगितली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आत्या बोलायला लागली की तिच्यापुढे भल्याभल्यांचं काही चालत नसे.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मधूनमधून करवत यायची, जिलबी यायची, आणि मी सातवी झाले. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर पालघर, रोज सकाळी सातपाटीहून येणारी एस.टी. पकडून. मला त्या शाळेचं वेड लागलं होतं. तिथे प्रयोगशाळा होती, तिच्या काचेच्या दारातून एकदा मी सांगाडा पाहिला होता, आणि मला तो सांगाडा जवळून बघायचा होता. बाबांनी हो म्हटलं होतं, आईनं हो म्हटलं होतं, आत्यानं "बघू" म्हटलं होतं. आमच्या घरात "बघू" म्हणजे हो. मे महिन्यात एक दिवस बाबा मला सायकलवर डबलसीट घेऊन पालघरला गेले, गणवेशाचं कापड घ्यायला. निळं कापड घेतलं, दुकानदारानं मोजून कापून हातात दिलं, आणि संध्याकाळपर्यंत मी वखारीत थांबायचं ठरलं.

वखार मला घरापेक्षा आवडायची. ओल्या सागाचा वास, ऐनाच्या सालींचे ढीग, ट्रकमधून ओंडके ढकलताना "हो... हो..." अशी माणसांची ओरड, आणि मधोमध टेबलातून अर्धी वर आलेली यंत्राची करवत. ती फिरायला लागली की आधी गुणगुण, मग लाकूड लागलं की किंचाळी, आणि दुपारचं ऊन तिच्यावर पडलं की डोळे दिपायचे. मी भुशाच्या ढिगाजवळ कापड मांडीवर घेऊन बसले होते. डावीकडे ते ओळखीचं काहीतरी दिसलं. मनात आलं, आज जिलबी. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

पुढचं बाबांनी सांगितलेलं. माझी मान डावीकडे वळली, डोळे वळले, मग सगळं अंग ताठ झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. भुशात पडले म्हणून लागलं नाही. यंत्र बंद केलं, माणसं धावली, कोणी चप्पल काढून नाकाला लावली, कोणी कांदा आणायला पळालं, एकानं माझ्या दातांत लाकडाची ढलपी घालायला घेतली ती बाबांनी हिसकावून फेकली. मला जाग आली तेव्हा डोकं फुटत होतं, तोंडात भुसा होता, आणि बाबा माझं नाव घेत रडत होते. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी विचारलं, "बाबा, माझं कापड कुठाय?" कापड बाजूलाच होतं. त्यावर मी उलटी केली होती.

घरी बाबांनी आत्याला सांगितलं. "ताई, हिला फीट आली." आत्या म्हणाली, "फीट कसली? करवत जोरात चढली असेल. ऊन होतं." बाबा म्हणाले, "मी बघितलं, ताई." आत्या जवळजवळ ओरडली, "तुला काय कळतंय? आपल्याकडे कोणाला फीट नाय! हा शब्द परत या घरात काढू नको, दाम्या." आणि वर, "नलू काय पालघरला जायची नाय. घरीच बरी." निळं कापड आईनं धुऊन, वाळवून, घडी घालून पेटीत ठेवलं. मी त्या दिवशी जेवले नाही. डोकेदुखीपेक्षा मला त्या पेटीच्या झाकणाचा आवाज जास्त लागला, आणि आत्याचा मला पहिल्यांदाच राग आला.

वखारीचे शेठ भले होते. त्यांनी बाबांना सांगितलं, बोईसरला एक डॉक्टरबाई आल्यात, मुलांच्या, नवरा कारखान्यात आहे, घराच्या पुढच्याच खोलीत बसतात, पोरीला दाखवून आण. आणि दुसऱ्याच दिवशी बोईसरला फळ्या जाणार होत्या त्या ट्रकमधून जायला सांगितलं. आत्या म्हणाली मीही येणार. ती आयुष्यात ट्रकमध्ये बसली नव्हती. ड्रायव्हर उत्तरेकडचा, त्यानं "माताजी, आइये" म्हणून हात दिला, आत्यानं तो हात नाकारला आणि चाकावर पाय देऊन नऊवारीत एकटी वर चढली. सगळ्या वाटेत ती देवाचं नाव घेत होती, आणि मधेच ड्रायव्हरला "जरा हळू, बाबा" असं मराठीतून सांगत होती. तो दर वेळी "जी माताजी" म्हणून तेवढ्याच वेगानं हाकत होता. बोईसर तेव्हा नवं नवं वाढत होतं. धुरांडी, पत्र्याच्या शेड, सायकलवरून पाळीला निघालेली माणसं, आणि कानावर सगळ्या देशाच्या बोल्या.

डॉक्टरबाई केरळच्या होत्या. काळ्या, ठेंगण्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि मराठी जेमतेम. त्यांचं हिंदीही मल्याळी चालीचं होतं. आत्या खुर्चीवर टेकली आणि सुरू झाली, "हिला ना, आधी करवत दिसते..." डॉक्टरबाईंनी हात वर केला. "आप नहीं, आजी. बेबी को बोलने दो." आत्याला "आजी" इतकं लागलं की ती खरोखर गप्प झाली. बाई माझ्याकडे वळल्या.

"तुमको क्या दिखता है?"

"करवत."

"करवत? वो क्या होता है?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांना करवत म्हणजे काय ते माहीत होतं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरुवात केली. "गोल रहता है. लाल, हिरवा, पिवळा. छोटा छोटा, बहुत सारा. इधर से आता है," आणि डावीकडे बोट दाखवलं.

आत्या न राहवून पुढे झाली. "अगो, गोल काय? करवत कुठे गोल असते?"

"असते की! वखारीतली गोलच हाय. गरगर फिरते."

"आणि दाते?"

"फिरताना दाते दिसतात का कधी, आत्या?"

बाबा फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. तिची करवत लांब होती, दोन माणसांनी ओढायची. ती करवत मी कधी पाहिलेलीच नव्हती. घरात हातानं कापायची होती तिला आम्ही आरी म्हणायचो. करवत म्हणजे माझ्यासाठी वखारीतली ती फिरती चकती. मला रंगीत गोळे गरगरताना दिसायचे आणि आत्यानं नाव सुचवलं तेव्हा मला ते नाव अगदी चपखल वाटलं होतं. एकाच घरात, एकाच खोलीत, एकाच गोधडीखाली आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या गोष्टींना एक शब्द वापरत होतो.

डॉक्टरबाई मात्र आता खुर्चीत सरसावून बसल्या. किती वेळ दिसतं, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना, म्हणून मी चुटक्या वाजवून दाखवल्या, चार-पाच, आणि थांबले. मग त्यांनी आत्याला विचारलं, आणि आत्यानं या वेळी नरम आवाजात सांगितलं की तिची करवत सूपभर तांदूळ निवडून होईपर्यंत असते, पांढरी असते आणि दातेरी असते. "देखो, दोनों अलग," बाई म्हणाल्या. मग त्यांनी हिंदी, मराठी आणि हातवारे मिळून जे समजावलं ते बाबांनी आम्हाला पुढे कित्येकदा सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे तो बघायचं काम करतो. आत्याच्या अर्धशिशीत तिथे एक लाट हळूहळू सरकत जाते, म्हणून तिची करवत हळूहळू वाढते. माझ्या बाबतीत तिथेच अचानक ठिणग्या उडतात, म्हणून रंगीत गोळे दिसतात आणि झटकन जातात. ती लहान फीटच असते, आणि कधी ती पसरली तर वखारीत झालं तसं होतं. नंतर डोकं दुखतं, उलटी होते, ते दोन्हींत सारखंच. म्हणून लहान मुलांमध्ये एकीला दुसरी समजणं फार सोपं. आणि दोन्हींचं आपसात नातंही आहे, एकाच घरात दोन्ही सापडतात, कधी एकाच मुलात दोन्ही सापडतात.

"म्हणजे माझ्याकडून आलं हिला?" आत्यानं विचारलं. बाबांनी हिंदीत सांगितलं. बाईंनी आत्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "किसी की गलती नहीं, आजी." या वेळी "आजी" तिला लागलं नाही.

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला मुंबईला जावं लागलं. त्याआधी केस धुऊन तेलाचा थेंबही ठेवायचा नाही म्हटल्यावर आत्याला ते सगळ्यात मोठं संकट वाटलं. आलेखात ते निघालंच. रोजची गोळी सुरू झाली. मुलं मोठी झाली की बऱ्याचदा ही फीट सोडून जाते, असं बाईंनी धीर दिला, आणि पुढे तसंच झालं. कॉलेजात असताना गोळी बंद झाली ती कायमची. मग चाळिशीत एक दिवस भाजी चिरताना माझ्या डोळ्यांसमोर पांढरी दातेरी रेघ वळवळत मोठी व्हायला लागली. तेव्हा मी सुरी खाली ठेवली आणि एकटीच मोठ्यानं हसले. आत्या तोवर राहिली नव्हती. ती असती तर तिनं तिथल्या तिथे इंजिन बंद करायला लावलं असतं.

पण हे सगळं पुढचं. शाळेचं काय, हे मी बाईंना तिथेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, शाळेत जायचंच, फक्त विहिरीच्या काठावर आणि समुद्रात एकटीनं जायचं नाही, झोप बुडवायची नाही, गोळी चुकवायची नाही. आणि बरोबरच्या लोकांना माहीत पाहिजे. शाळेत, बसमध्ये, शेजारी. फीट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा काही नाही, धरून दाबायचं नाही, थांबेपर्यंत जवळ बसायचं, आणि थांबतच नसेल तर सरळ दवाखाना. ज्यांना माहीत नसतं तेच घाबरून नको ते करतात, असं त्या म्हणाल्या. जिलबीचं आत्यानं विचारलंच. बाई म्हणाल्या, जिलबी चालेल, नाश्त्याला.

घरी आल्यावर तिथेच अडलं. लोकांना सांगायचं, म्हणजे मुलीला फीट येते हे गावभर होणार. आई म्हणाली, "गोळी चालू हाय ना, मग कशाला कोणाला सांगायचं? तशीच जाऊ दे." बाबा म्हणाले, "आणि बसमध्ये आली तर? परत कोणी दातांत लाकूड घातलं तर?" न सांगता पाठवायचं त्यांना भय, सांगून पाठवायची आईला लाज, आणि या दोघांच्या मध्ये मी. शेवटी बाबांनी तिसरी वाट काढली: या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. त्यांच्या तोंडचं "बघू" हो नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन केळफूल सोलणाऱ्या आत्याजवळ बसले आणि हमसून हमसून रडले.

आत्या सोलत राहिली. तिची बोटं चिकानं काळी झाली होती. मग ती सरळ सांगायला लागली, जे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. "माझं लगीन ठरलं होतं, केळव्याकडचं. माणसं बघून गेली, पसंत पडली. मग एकदा न सांगता आली आणि मी आत अंधारात पडलेली, ओकत होते. काय झालं विचारलं तर आमच्या आयेनं काय नाय, काय नाय म्हणून दार लावून घेतलं. तिला वाटलं झाकलेलं बरं. बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं, पोरीला फेफरं हाय. मोडलं लगीन. नंतर जो आला तो तेच ऐकून आला." तिनं एक पाकळी बाजूला टाकली. "मला फीट येत नव्हती गो, तरी मी फीटवाली म्हणून बसले घरात. मग मी करवत करवत करून गावभर सांगत सुटले, पण तोवर उशीर झाला होता. झाकून मला काय मिळालं?" तिनं मनगटानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आईला सांग, पेटीतलं कापड शिवायला टाक."

शाळेच्या पहिल्या दिवशी आत्या माझ्याबरोबर फाट्यावर आली. मला वाटलं बसवून परत जाईल. सातपाटीची गाडी आली, आत नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला टोपल्या घेऊन मासेवाल्या बायका, टोपल्यांवरून कंडक्टरशी त्यांची नेहमीची हुज्जत, पुढे शाळेची पोरं, मध्ये कामाला निघालेली माणसं. आत्या माझ्यामागून चढली, दांडा धरून उभी राहिली, आणि गाडी निघायच्या आधीच तिनं आवाज लावला. वाडीत पलीकडच्या टोकाच्या माणसाला हाक मारायचा आवाज.

"ऐका गो बायांनो, ऐका रे! ही माझी भाची, दामूची नलू. रोज या गाडीनं शाळेत येणार हाय. हिला फीट येते. फीट. औषध चालू हाय. कधी आली तर घाबरायचं नाय, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली पदर द्यायचा. चप्पल नाय, कांदा नाय, तोंडात काय घालायचं नाय. कळलं ना सगळ्यांना? मास्तर, तुमाला कळलं का?" मास्तर म्हणजे कंडक्टर. तो तिकिटांची पेटी छातीशी धरून "कळलं, बाई" म्हणाला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझे कान तापले होते. शाळेच्या पोरी कुजबुजत होत्या. आत्या पालघरपर्यंत आली, तिथे शाळेतल्या बाईंना तेच सगळं परत सांगितलं, आणि परतीच्या गाडीत, मला नंतर कळलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. एका पोरीनं माझ्याशेजारी बसायचं सोडलं, हेही खरं आहे, आणि ते मला फार लागलं.

पाऊस चांगला लागल्यावर, एका सकाळी, गाडीत डावीकडे ते रंगीत गोळे आले. मला एवढंच आठवतं की मी "आत्या" म्हणाले, आणि आत्या तिथे नव्हती.

शुद्ध आली तेव्हा मी कुशीवर होते. गालाखाली ओलसर लुगडं होतं, त्याला मासळीचा वास येत होता, आणि एक खरबरीत हात माझ्या पाठीवरून फिरत होता. गाडी थांबलेली होती. खिडक्यांच्या झडपांवर पाऊस वाजत होता, पण आत कोणी ओरडत नव्हतं, कोणी धावत नव्हतं. पायात टोपल्या होत्या त्या कोणीतरी मागे सारून मला जागा केली होती. माझी चप्पल माझ्या पायांतच होती. वर एक कुंकवाचा मोठा टिळा दिसला आणि आवाज आला, "उठू नको, बाय. पडून ऱ्हा. झालं, संपलं." पलीकडून दुसरी म्हणाली, "काय पण नाय केलं आमी, तुझ्या आत्यानं सांगितलं तसंच केलं." माझ्याशेजारी न बसणारी ती पोरगी माझं दप्तर पोटाशी धरून उभी होती आणि रडत होती.

ड्रायव्हर केबिनमधून वळून बघत होता. "गाडी वळवू का शिरगावला?" त्यानं विचारलं. कंडक्टरनं मासेवालीकडे पाहिलं. मासेवालीनं खाली वाकून मला विचारलं, "सांग बाय, घरी जायचं का शाळेत?"

डोकं ठणकत होतं. जीभ जड झाली होती. मी म्हटलं, "शाळेत."

कंडक्टरनं डबल बेल दिली आणि गाडी पालघरकडे निघाली.